पाऊण मिनिट मागे

रफूताईचं खरं नाव तिच्या दोन हजार प्रेक्षकांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. रोज दुपारी चारच्या ठोक्याला ती लाइव्ह यायची, कुणाचा तरी उंदराने कुरतडलेला कोट नाहीतर खिळ्याला अडकून फाटलेला स्वेटर पुढ्यात ओढायची, आणि भोक असं बुजवायची की मालकानेही बोट फिरवत शोधत बसावं. हात चाले तसं तोंडही चाले. खरं सांगायचं तर लोक तोंडासाठीच यायचे.

शेवटची दहा मिनिटं मात्र तिची नसायची. तेव्हा ती दुसऱ्या कुणाचं तरी चालू असलेलं लाइव्ह आपल्या पडद्यावर लावायची. कुणी बिचारा पाच माणसांसमोर बासरी दुरुस्त करत असायचा, कुणी सात जणांना पुस्तक बांधायला शिकवत असायची. त्यांना ताई आपले दोन हजार लोक दहा मिनिटं उसने द्यायची. याला ती शेजारधर्म म्हणायची. ‘चला, शेजारी जाऊन येऊ. चपला बाहेर काढा!’ अशी हाळी द्यायची. चपला बाहेर म्हणजे, तिकडे जाऊन वेडंवाकडं लिहायचं नाही. आणि स्वतःसाठीही तिने एक नेम घालून घेतला होता. ज्याचं दाखवायचं त्याला आधी विचारायचं. न विचारता कुणाच्या घरात माणसं घुसवायची नाहीत.

हा नेम तिने एकदाच मोडला. बापाला काय विचारायचं, म्हणून.

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच इमारतीत, तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला होतं. मागे त्यांची राहायची खोली. ताई तिसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी आई गेली आणि बाबा दुकानात नुसतेच बसून राहायला लागले. गिऱ्हाईक आलं की ‘ठेवा’, गेलं की पुन्हा भिंतीकडे डोळे. दोन वेळचं ताट खाली नेऊन वाढता वाढता ताईचा जीव कासावीस व्हायचा. मग तिनेच त्यांच्या टेबलावर वाकड्या मानेचा कॅमेरा बसवून दिला.

“लोकांना तुमचे हात दिसू देत,” ती म्हणाली.

“कुठले लोक?”

“येतील हो.”

कुठले यायला! आकडा दोनाच्या वर सरकेना. त्यातले एक खुद्द बाबा, जुन्या मोबाइलवर आपलंच चालू आहे की बंद पडलं ते तपासत बसलेले. आणि दुसरा ‘परगावचा पाहुणा’. हा पाहुणा रोज सकाळी नेमाने हजर व्हायचा, ‘वा, काय हात आहे!’ असं लिहायचा, चाकांविषयी चार भाबडे प्रश्न विचारायचा. बाबा हळूहळू खुलले. दाढी रोज व्हायला लागली. जेवताना पाहुण्याच्या गोष्टी निघायला लागल्या. पाहुणे असं म्हणाले, पाहुण्यांना तसं वाटतं. ताई मान खाली घालून भाजी वाढायची, कारण हसू आवरायचं नाही. पाहुणा म्हणजे तीच होती.

इथवर सगळं छान होतं. इथेच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची गरज पडली नसती.

पण एका संध्याकाळी बाबांनी पाहुण्याला एकट्याला असं लांबलचक लिहून पाठवलं. ‘बायको गेली त्या दिवशी तिने मागच्या खोलीतून हाक मारली होती. मी एका मनगटी घड्याळात केसाएवढी कमान, म्हणजे स्प्रिंग, बसवत होतो. ‘थांब, आलो’ म्हटलं. कमान बसेना. चाळीस मिनिटांनी उठून आत गेलो तर सगळं संपलं होतं. मुलीला मी सांगितलं, झोपेतच गेली, हाक नाही की काही नाही. पाहुणे, हे मी कुणापाशीही बोललेलो नाही. तुम्ही लांबचे, म्हणून तुम्हाला सांगतो. मुलीला कळलं तर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही.’

ताईने ते तीनदा वाचलं. दोन तास ती तशीच बसून राहिली. मग पाहुण्याच्या नावाने तिने एकच ओळ लिहिली: ‘तुमचा काही दोष नाही.’ लिहिलं खरं, पण रात्री ताट ठेवताना ते तिच्या हातून दाणकन आदळलं. बाबा दचकले. “डोकं दुखतंय का गं?” त्यांनी विचारलं, आणि ती “हो” म्हणाली. तीन दिवस ती त्यांच्याशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी त्यांना एकट्यानेच शर्टाचं तुटलेलं बटण लावताना पाहिलं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. पण आपल्याला कळलं आहे, हे या माणसाला कधी कळता कामा नये, एवढं तिने मनाशी पक्कं केलं. तीन महिने पाळलंही.

आणि मधल्या काळात तिने एक आगाऊपणा करून ठेवला. बाबांनी पाहुण्याला लिहिलं होतं, ‘माझी मुलगी वर काहीतरी बडबडत असते, मी बघत नाही, मला त्यातलं कळत नाही.’ हे तिला झोंबलं. पाहुण्याने लगेच उत्तर धाडलं: ‘बघून तर बघा, मुलगी हुशार आहे.’ स्वतःची शिफारस स्वतःच! बाबांनी ‘बघतो’ असं लिहिलं आणि ताई ते साफ विसरून गेली.

आता एक यंत्रातली गोष्ट, पण सोपी आहे. लाइव्ह म्हणजे अगदी त्या क्षणाचं नसतं. ताई इकडे शिंकली की लोकांना पाऊण मिनिटाने ऐकू यायचं. तिचे दोन कॅमेरे, पडद्यावरच्या चार खिडक्या, एवढा पसारा पोचायला वेळ लागायचा. बाबांचा एकच कॅमेरा, त्यामुळे त्यांचं पाच सेकंदांत पोचायचं. ताईच्या हे अंगवळणी पडलं होतं. विनोद केला की पाऊण मिनिट थांबायचं, मग हसणाऱ्या कमेंट यायच्या.

तर त्या दिवशी कोटाची बाही पूर्ण झाली आणि तिने हाळी दिली.

“शेजारधर्म! चपला बाहेर काढा! आज तुम्हाला एका घड्याळवाल्याच्या दुकानात नेते. हे माझे बाबा. त्यांना पत्ता नाहीये हं, गुपचूप या.”

पडद्यावर बाबांचे हात आले. चिमटा, पितळी चाकं, पांढरं फडकं. तिने त्यांच्या बाजूचा आवाज अगदी बारीक केला आणि बोलत सुटली. “बघा, हे बोट बघा, कापतंय का जरा तरी? अठ्ठेचाळीस वर्षं झाली या कामाला.” ऊर भरून आला होता तिचा. मग पाऊण मिनिटाने कमेंट यायला लागल्या. बऱ्याचशा चांगल्याच होत्या. पण त्यात एक दीडशहाणा निघाला: ‘ह्यांचे सगळे मिळून दोनच सबस्क्रायबर! ताई, ह्यांच्याकडे माशीसुद्धा फिरकत नाही.’ त्याखाली हसणारे दहा-बारा चेहरे.

ताईच्या जिभेला हाड नव्हतं, हे तिची आई जन्मभर सांगत आली होती.

“दोन तर दोन!” ती कडाडली. “आणि कान उघडे ठेवून ऐका, त्या दोनातले एक बाबा स्वतः, आणि दुसरा जो परगावचा पाहुणा आहे ना, रोज येऊन वा वा करणारा, तो म्हणजे मीच! चार महिने झाले, त्यांना अजून पत्ता नाही. आता बोला!”

बोलून तिला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. तिने हसत हसत बाबांच्या बाजूचा आवाज मोठा केला.

आणि बाबांच्या दुकानातून, तिच्या कानात, तिचाच आवाज आला. ‘...हे बोट बघा, कापतंय का जरा तरी?’

आधी तिला वाटलं, यंत्र घोळ घालतंय. मग तिने चित्र नीट पाहिलं. टेबलाच्या कोपऱ्यात, तेलाच्या बाटलीला टेकवून, जुना मोबाइल उभा होता. त्यात नखाएवढी ती स्वतः हातवारे करत होती. बाबा तिचं लाइव्ह बघत होते. पाहुण्याने सांगितलं म्हणून! आणि चित्राच्या कडेला दिसणारा, कामावर वाकलेला त्यांचा चेहरा तिचं कौतुक ऐकून भिंगाखाली गालातल्या गालात हसत होता.

तिने मनाशी हिशेब केला. ते अजून मागचं ऐकत होते. पुढचं वाक्य निघालं होतं, वाटेत होतं, खाली पोचायला फार तर अर्धं मिनिट उरलं होतं. बंद केलं तरी निघालेलं परत येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

ती उठली. कानातल्या वायरीला हिसका बसून सुयांची डबी जमिनीवर उपडी झाली. चपला नाहीत, काही नाही, दार सताड उघडं टाकून ती जिन्यावरून धावत सुटली. मनात आकडे मोजत होती, तीस, एकोणतीस. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन माणसं भली मोठी गादी वर चढवत होती आणि गादी अडकली होती.

“बाजूला व्हा! अहो बाजूला व्हा!”

“ताई, आम्हीच अडकलोय!” गादीमागून आवाज आला.

ती त्या गादीखालून रांगत गेली. चाळिशीची बाई, दोन हजार माणसांची लाडकी, हातापायांवर. सोळा. चौदा. उरलेला जिना ती दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली, रस्त्यावर आली, दुकानाची काच ढकलली. चार. तीन.

“द्या तो इकडे!” तिने मोबाइलवर झडप घातली.

“अगं अगं, ठकू!” घरी ती ठकू होती. बाबांनीही मोबाइल घट्ट धरला. “बघतोय ना मी. छान बोलतेस की. माझंच चाललंय त्यात!”

मोबाइल दोघांच्या हातांत होता तेव्हा तो बोलला. ‘...तो म्हणजे मीच! चार महिने झाले, त्यांना अजून पत्ता नाही. आता बोला!’

भिंतीवरची तीसेक घड्याळं तेवढी आपापली वेळ सांगत होती. बाबांनी मोबाइल टेबलावर ठेवला, डोळ्यावरचं भिंग काढलं आणि तिच्याकडे बघितलं.

“तू होय!” ते म्हणाले आणि त्यांना हसूच आलं. “अगं लबाड! आणि मी आपला पाहुणे, पाहुणे...” मग त्यांना आठवलं. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि बाकीचा सगळा चेहरा पांढरा पडला. ताईने आयुष्यात इतकं भयंकर काही पाहिलं नव्हतं. तिने झटकन टेबलावरचा कॅमेरा फडक्यावर पालथा केला. माइकचं मात्र तिच्या डोक्यातही आलं नाही.

“म्हणजे मी ते जे लिहिलं होतं,” बाबा म्हणाले. “ते चाळीस मिनिटांचं.”

“हो बाबा.”

“तू वाचलंस.”

“हो.”

ते स्टुलावर बसले. चिमटा अजून हातातच होता. “त्या दिवशी ताट आदळलंस,” ते सावकाश म्हणाले. “डोकं दुखत नव्हतं तुझं.”

“नव्हतं.”

“आणि तरी रोज वाढत राहिलीस.”

तिचे तळपाय आता कुठे दुखायला लागले होते. बाबांनी चिमटा फडक्यावर ठेवला, सरळ केला, पुन्हा सरळ केला.

“पाहुण्याने मला लिहिलं होतं, तुमचा काही दोष नाही,” ते म्हणाले. “मी ते रोज सकाळी वाचतो. वाचल्याशिवाय खोलीतून बाहेर पडत नाही. मला एवढंच सांग, ते पाहुण्याने लिहिलं होतं की तू?”

खोटं बोलणं सोपं होतं. चार महिने तिने दुसरं काय केलं होतं? पण ते तिच्या तोंडाकडे असे बघत होते की तिला ते जमेना.

“तेव्हा पाहुण्याने लिहिलं,” ती म्हणाली. “माझ्या मनात तेव्हा तसं नव्हतं. तुम्ही उठला का नाहीत, हेच डोक्यात घोळत होतं. राग आला होता मला, फार.” ती त्यांच्याजवळ सरकली. “आता मी म्हणते. मी, ठकू. तुमचा काही दोष नाही, बाबा.”

त्यांनी मान खाली घातली. आणि तेवढ्यात टेबलावरच्या मोबाइलमधून बाबांचाच आवाज उमटला: ‘अगं अगं, ठकू! बघतोय ना मी...’

ताई हबकली. माइक! वर तिच्या पडद्यावर बाबांचं दुकान अजून लागलेलंच होतं. इथे बोललेला शब्द न् शब्द इथून वर, वरून दोन हजार घरांत आणि फिरून या मोबाइलवर येत होता. चाळीस मिनिटं, ताट, सगळं. “अगंबाई!” म्हणत ती माइकच्या बटणाकडे धावली.

बाबांनी हात वर केला.

“थांब,” ते म्हणाले.

हा शब्द तोंडातून निघाला आणि दोघंही जागच्या जागी गोठली. त्या दिवशी मागच्या खोलीकडे त्यांनी हाच शब्द टाकला होता. पण बाबांनी तो शब्द मागे घेतला नाही. त्यांनी मोबाइल उचलून कानाशी नेला आणि दुसऱ्या हाताने तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं.

“थांब जरा,” ते पुन्हा म्हणाले. “लोकांचं राहू दे. मला ते परत ऐकायचंय.”

मोबाइलमध्ये ताट आदळल्याची गोष्ट चालली होती. तिचं वाक्य यायला अजून थोडा वेळ होता. दोघं बसून राहिली.