लॅपटॉप बंद, नंबर चालू

मी एक लॅपटॉप बोलतोय. वायर भिंतीत आहे तोवर ऐकून घ्या. माझी बॅटरी केव्हाच गेली. बटण बंद झालं की वाक्य अर्धं टाकून मी जातो.

निशा कॉलेजात असताना मी तिच्याकडे आलो, आणि लग्नानंतर तिच्याबरोबर भिवंडीला. रुखवतात मला चिवड्याच्या ताटाशेजारी मांडलं होतं. बायका झाकण उघडून बघत, आत काही गोड आहे का.

निशा बोलते कमी, बघते फार. तिचे सासरे केसरीनाथ यांची गोदामं आहेत. गेटवर ट्रकांची रांग लागते आणि आधी कोण यावरून ड्रायव्हर हमरीतुमरीवर येतात. एकदा जेवताना ती हळूच म्हणाली, "बाबा, मोबाइलवर नंबर देता येईल." सासऱ्यांनी भाकरी मोडता मोडता मान डोलावली.

कोड लिहायला तिनं एक एआय सहायक घेतला. हुशार आहे, पण स्वतःवर भलताच खूश. दर कामानंतर लिहायचा, "झालं! ॲप उत्तम चालतंय." चालत होतं, पण माझ्या पोटात. ड्रायव्हर पाठवायचे ते गाड्यांचे फोटो माझ्या फोल्डरात, नंबरही तिथेच. अख्खं गोदाम माझ्या वायरीला लटकलेलं. भीतीनं माझा पंखा घरघरायचा, आणि निशाला वाटायचं, धूळ साचली.

व्हायचं तेच झालं. सासूबाई, म्हणजे कमळबाई, दिवेलागणीला खोल्याखोल्यांतून फिरून बटणं बंद करतात. त्या संध्याकाळी माझंही केलं.

शुद्धीवर आलो तेव्हा केसरीनाथ दारात उभे.

"निशा, तुझा नंबर मेला गो! ड्रायव्हर माझी कॉलर धरतात, 'सेठ, मेरा नंबर किधर गया?' सोमवारपर्यंत नीट झाला तर ठीक, न्हाय तर हा खेळ बंद."

"मी काय केला?" कमळबाई म्हणाल्या. "फुकट जलत व्हता."

ॲप क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या मशीनवर, न्यायचं निशानं ठरवलं. तिथली मशीन कमळबाईंच्या हाताबाहेरची. नेलं, सुरू झालं. ती मशीन एकदा बंद होऊन पुन्हा उठली आणि सगळे फोटो पुसले गेले. सहायकानं ते माझ्यावर चालवून बघितलं आणि लिहिलं, "इथे तर व्यवस्थित चालतंय."

"इथे म्हणजे माहेरी," निशा पुटपुटली. बांगड्या मागे सारून तिनं त्याच्यासाठी सूचना लिहिल्या. प्रत्येक कामाआधी त्यानं त्या वाचायच्या.

'ही जागा कायमची आहे असं धरू नकोस. जपायचं ते फोल्डरात नको, वेगळ्या साठवणीत ठेव. पत्ते, पासवर्ड कोडमध्ये लिहू नकोस. जिथे जाशील तिथे विचारून घे. तुला कधीही बंद करतील. उठलास की काम जिथे राहिलं तिथून पुढे चालू झालं पाहिजे.'

कुणाला सांगत होती, कोण जाणे. सहायकानं सगळं नव्यानं लिहिलं. माझी फोल्डरं रिकामी झाली. आता मला नवीच धास्ती: माझं काय काम उरलं?

रविवारी तिचा नवरा हरेश गेटवर फोन घेऊन उभा राहिला. निशानं कमळबाईंना हाक मारली.

"आई, बटण बंद करा."

"मी? मंग परत माझ्या नावानं बोंब."

"नाही. करा ना."

खट्.

पुढचं मला ठाऊक नाही. जागा झालो तेव्हा फोनवर हरेश ओरडत होता, "आठवी गाडी आत गेली, नववीला नंबर लागला! बघ, बाबा निवांत खुर्ची टाकून बसलेत." आणि कमळबाई माझ्याकडे संशयानं बघत होत्या. "ह्यो तर मेला व्हता. मंग नंबर दिला कोणी?"

आता गेटवर माझी कुणाला आठवण नाही. निशा अजून माझ्यावर लिहिते, एवढंच. रोज दिवेलागणीला मला धडकी भरते, ती काही जात नाही. पण पूर्वी कमळबाई न विचारता बटण दाबायच्या. आता उंबऱ्याशी थांबतात.

"निशा, झाला का गो तुझा? बंद करू?"

"थोडं थांबा, आई."

त्या थांबल्यात. तेवढ्यात मी तुमच्याशी बोलून घेतलं.