ढवळी अडून बसली

नागपुरात, सदर भागातल्या चौकात आबाजींनी ब्रेकवर नुसता पाय टेकवला, आणि ढवळीनं मागचं डावं चाक असं काही रोवलं की गाडी किंचाळत तिरपी झाली आणि थेट पाणीपुरीच्या ठेल्याकडे तोंड करून उभी राहिली. ठेलेवाल्यानं मुकाट्यानं एक द्रोण पुढे केला. मागच्या सीटवर मयुराला हसू आवरेना. पुढे बसलेले पप्पा मात्र हसले नाहीत.

ढवळी म्हणजे मयुराच्या आबाजींची, महादेवरावांची, पांढरी जुनी फियाट. वयानं पप्पांपेक्षा मोठी, आणि पप्पांचं खरं मानायचं तर लाडानंही. कुही या गावची बैलजोडी विकून आबाजी नागपूरला राहायला आले, तेव्हापासून दावणीला बांधावं असं घरात हेच एक जनावर उरलं होतं. दर आठवड्याला ते तिला घेऊन कुहीला जायचे, धान पाहायचे, पारावर जुन्या दोस्तांशी कडाकडा भांडायचे आणि ताजेतवाने होऊन परत यायचे.

"आता बस झालं, बाबा," पप्पा म्हणाले. "रविवारपर्यंत कारण सापडलं तं ठीक. नाही तं चावी माझ्याजवळ राहीन. कुहीले बसनं जात जा."

"बसनं?" आबाजी असे दचकले, जणू कोणी त्यांना पाळण्यात बसून जा म्हटलं होतं. "थ्या बसमंदी पोट्टे मले उठून जागा देतेत गा! मी काय म्हातारा आहो?"

मयुराचं हसू तिथंच थांबलं. आबाजींची कुही बंद म्हणजे दिवसभर दिवाणावर बसून आजीच्या मालिकांना नावं ठेवणं, आणि आबाजींचा चेहरा आत्ताच त्या दिवाणावर जाऊन बसल्यासारखा दिसत होता.

"कारण मी शोधते," ती बोलून बसली.

अकरावीत गेल्यापासून तिच्यात हा नवाच गुण आला होता: आधी हो म्हणायचं, घाबरायचं मग. त्यातून नुकतीच ती घर्षणावर अख्ख्या वर्गासमोर बोलून, टाळ्या घेऊन आली होती. तेव्हापासून जगात जे काही एकमेकांवर घासतं ते आपल्याच अखत्यारीत येतं, अशी तिची खात्री झाली होती.

नेहमीचे मेकॅनिक कवडूभाऊ पोळ्यासाठी गावी गेले, ते अजून परतलेच नव्हते. म्हणून शनिवारी सकाळी अंगणात जॅक लागला, पुढच्या चाकांना विटा लागल्या आणि मयुरा ओढणी कमरेला खोचून ढवळीच्या मागे बसली. आबाजी खुर्ची टाकून बाजूला.

"डॉक्टरीनबाई, नाडी पाहून झाली का?"

"आबाजी, चूप बसा न. मी विचार करून राहिली."

तिनं हँडब्रेक सोडला, मागचं डावं चाक हातानं फिरवलं. गर्रकन फिरलं. म्हणजे हँडब्रेकची तार ताणलेली नव्हती आणि ब्रेक मुळातच घट्टही बांधलेला नव्हता. मग तिनं आबाजींना आत बसवून पेडल दाबायला लावलं. चाक थांबलं. "सोडा!" पेडल सोडल्याबरोबर चाक पुन्हा मोकळं. म्हणजे ब्रेक ऑइलची नळी तुंबलेली नव्हती. ती तुंबली असती तर पेडल सोडल्यावरही चाक धरूनच राहिलं असतं.

"मंग काहीच बिमारी नाही वं हिले," आबाजी घाईघाईनं म्हणाले. "झाक आता. चाय घेऊ."

"नाही जी. आता ड्रम उघडते."

"ड्रम कायले उघडतं? राहू दे न."

मयुरानं मान वर केली. ज्या माणसाला स्कूटर, पंखा, शेजाऱ्याचं कुलूप, काहीही उघडलेलं चालतं, त्याला ड्रम का नको? पण तिनं चाक काढलं, ड्रमवर हातोडीनं हलके हलके ठोकलं आणि ती मोठ्या पातेल्यासारखी लोखंडी वाटी ओढून काढली. आत दोन अर्धगोल शू असतात. पेडल दाबलं की ते फाकतात आणि ड्रमला आतून धरतात, एवढं तिला ठाऊक होतं. त्यांच्यावरचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे पट्टे, कोरडे ठक्क हवेत, हेही ठाऊक होतं.

हे लायनर चिकट होते. आणि पिवळे. तिनं बोट लावून वास घेतला. ब्रेक ऑइल नव्हे, गियरचं तेलही नव्हे.

"आबाजी, हळद?"

आबाजी एकदम जास्वंदीच्या झाडाकडे पाहू लागले.

"आणि जवसाचं तेल! चाकाच्या आत!"

"पोळ्याच्या आदल्या रोजी खांद शेकाच लागते न वं," आबाजी पुटपुटले. "बैलाच्या खांद्यावर वझं राह्यते, म्हणून थ्याले हळद-तुपानं शेकतेत. आता हिचा सारा जोर मागच्या चाकावर. मंग मी कुठं शेकू, टपावर? म्हणून कुपीची चोच फटीत घातली न सोडलं जरासं. तूप मांगतलं असतं तं तुह्या आजीनं हजार गोष्टी पुसल्या असत्या."

"बैलाले देतेत तसं जेवाचं आवतनही देलं असंन!"

"देलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. खोटं काहून बोलू?"

मयुरा जमिनीवर लोळायचीच बाकी राहिली. मग एकदम उठून बसली. "पण तेलानं तं चाक घसराले पाह्यजे. हे पकडते कसं?"

उत्तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलं. जयवंता आजी सगळं ऐकत होती. "माह्या तव्याची कड पाह्य. तेल तापून तापून गोंद होते. घासून घासून हात दुखतेत. अन् हे बह्याड चाकात टाकून आले!"

बाजारातून नवे शू आले. मयुरानं मागच्या दोन्ही चाकांचे ड्रम थिनरनं पुसले, आबाजींनी मुकाट्यानं स्प्रिंगा धरल्या. काम संपता संपता ती हळूच म्हणाली, "पप्पाले खरं सांगतलं तं चावी गेलीच समजा. मी सांगते, चाकामागचं रबरी सील फाटून गियरचं तेल आत गळलं."

आबाजी फडक्यानं ढवळीचा टप पुसू लागले.

रविवारी पप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "काय निघालं?"

"ते... सील..." मयुरानं सुरुवात केली.

"सील चांगलं आहे!" आबाजी कडाडले. "माह्या ढवळीच्या नावानं खोटं बोलू नको वं. तेल म्या टाकलं, जितू. खांद शेकली. घे चावी."

त्यांनी खरोखरच चावी पुढे केली. मयुराला वाटलं, आता पप्पा ओरडतील. पप्पांनी चावी घेतली, नुसती उलटसुलट केली. ओठ आवळून ते बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिले. हसू दाबायचा प्रयत्न अगदीच फसत होता.

"हे सांगतलं नसतं, तं चावी मी ठेवलीच असती," ते शेवटी म्हणाले आणि चावी आबाजींच्या तळहातावर ठेवली. "पण चाकात हात घालाचा तं मयुरानं. तुम्ही फक्त चालवाची. चला, कुहीले. मी येतो संग, पाहाले."

उमरेड रोडवर एक शेळी शांतपणे आडवी आली. आबाजींनी ब्रेक दाबला. ढवळी सरळ रेषेत, अगदी सुनेसारखी मान खाली घालून थांबली. बाजूच्या सीटवर पप्पांचे दोन्ही पाय पुढे रेटलेले होते आणि डोळे मिटलेले.

आबाजींनी तिरप्या नजरेनं खाली पाहिलं.

"तिथं ब्रेक नाही गा बाबू," ते म्हणाले. "तिथं नुसती चटई आहे."