चिठ्ठीत नसलेला प्रश्न

आमच्याकडे परिषदेत विचारायचे प्रश्न आधीच वाटलेले असतात. निबंध वाचणाऱ्यानेच दोन-तीन प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहायचे, ओळखीच्यांच्या हातात सरकवायचे आणि उत्तरं पाठ करून मंचावर जायचं. न सांगता प्रश्न विचारणं म्हणजे भर सभेत समोरच्याची अब्रू काढणं. यात कोणाला काही खटकत नाही. मलाही इतकी वर्षं खटकलं नव्हतं.

मी नारीनच्या कॉलेजात किर्गिझ व्याकरण शिकवते. माझा नवरा मेदेरबेक गणिताचा मास्तर होता. व्याकरणातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण मी जेवताना काही सांगायला लागले की तो नानचा तुकडा मोडता मोडता विचारायचा, "हे असंच कशावरून?" मी वैतागायचे, भांडायचे आणि दुसऱ्या दिवशी अर्धं प्रकरण खोडून नव्याने लिहायचे. तो गेल्यापासून माझं लिखाण भराभर पुढे सरकलं. अडवायला कोणी नव्हतंच. सिद्धान्त पूर्ण झाला आणि मला त्याचीच धास्ती वाटायला लागली. ज्या दाराला कधी कोणी धक्काच दिला नाही, त्याला कडी आहे की ते नुसतं लोटलेलं आहे, हे कळणार कसं? म्हणून या वेळी बिश्केकच्या परिषदेला जाताना मला एकच गोष्ट हवी होती. एक खरा प्रश्न. प्रमाणपत्र आणि सगळ्यांबरोबरचा फोटो त्यांनी खुशाल ठेवून घ्यावा.

वसतिगृहात माझ्या खोलीत रिस्कुल होती. ओशची, तिशीतली, तोंडाने फटकळ पण मनाने गोड. बॅग उघडायच्या आधीच तिने मला एजे, म्हणजे ताई, करून टाकलं आणि माझ्या हातात चिठ्ठी दिली.

"एजे, उद्या मला हे विचारायचं. जरा आठवत आठवत विचारल्यासारखं करा हं."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'आपल्या संशोधनाचा व्यवहारात उपयोग काय?'

"आता तुमची द्या," ती म्हणाली.

"माझी चिठ्ठी नाही. तू नीट ऐक आणि मनात येईल ते विचार."

तिने माझ्याकडे तब्येत तपासल्यासारखं पाहिलं. "आणि मनात काही आलंच नाही तर?"

"तर गप्प बस."

"माझी सासू पण हेच म्हणते," असं म्हणून ती पांघरुणात शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सभागृहात नेहमीचं सगळं झालं. भाषणं झाली, द्युशोनाली आगायना, म्हणजे आमच्या जुन्या सरांना, मानाचा चापान अंगरखा पांघरला, डोक्यावर नवा कोरा कल्पाक चढवला, टाळ्या झाल्या, पायऱ्यांवर फोटो झाला. फोटो झाल्याबरोबर निम्मी परिषद समसे खाऊन घरी गेली. हेही नेहमीचंच.

आगाय आता पंच्याऐंशीच्या पुढचे. देशभर शाळा-कॉलेजांत चालतं ते व्याकरण त्यांचंच, मीही तेच शिकवते. विद्यार्थिनी म्हणून त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे, पण त्यांनी मला ओळखावं असं काही मी कधी केलं नव्हतं. एरवी चापान घेऊन ते घरी जातात. त्या दिवशी त्यांची गाडी कुठेतरी अडकली आणि जिन्याला सगळ्यात जवळची म्हणून त्यांना आमच्याच बैठकीच्या खोलीत आणून पहिल्या रांगेत बसवलं.

आमच्या बैठकीच्या अध्यक्षा कानिमकुल. तिचा चेहराच उतरला. माझा निबंध तिने वाचला होता. ती उठून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "बुरुलाय, त्यांच्या विरोधातला भाग गाळ."

"तो गाळला तर नमस्कार आणि आभार एवढंच उरतं."

"मग तेवढंच वाच. म्हातारा माणूस आहे, कशाला दुखवायचं?"

खोलीत मोजकी माणसं होती. मागे हजेरीसाठी बसवलेली मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून होती. रिस्कुल तेवढी डोळे मोठे करून ऐकायला बसली होती, परीक्षा असल्यासारखी.  गाळावं असं एकदा वाटलंही. पण गाळून परत जायचं कुठे, तर त्याच घरी, जिथे कोणी काही विचारणार नाही. मी सगळं वाचलं.

माझं म्हणणं साधं आहे. आमच्या भाषेत नुसतं 'वाचतोय' म्हणून भागत नाही. वाचत पडलाय, वाचत बसलाय, वाचत उभा आहे की वाचत फिरतोय, यातलं एक निवडावंच लागतं. आगायचं व्याकरण सांगतं, जो काम करतो त्याच्यावरून हे ठरतं. मी म्हणते, नाही, जो ऐकतो त्याच्यावरून ठरतं. ऐकणारा कुठे आहे, त्याला काय दिसतंय, त्याला काय माहीत आहे, हे बघून बोलणारा क्रियापद निवडतो. बाजार, दवाखाना, जायलूतली, म्हणजे डोंगरावरच्या उन्हाळी कुरणांतली, मेंढपाळांची बिऱ्हाडं, जिथे माणसं बोलतात तिथे बसून मी उदाहरणं गोळा केली होती.

वाचन संपलं. मी पाण्याचा घोट घेतला आणि थांबले. रिस्कुलने तोंड उघडलं, मिटलं, मग खाली बघायला लागली. मीच तिला गप्प बस म्हटलं होतं.

"प्रश्न नाहीत म्हणजे सगळं स्पष्ट झालं," कानिमकुल घाईघाईने म्हणाली. "तर पुढचे वक्ते..."

"थांब," आगाय म्हणाले.

त्यांनी कल्पाक काढून मांडीवर ठेवला. "मुली, तुझी सगळी उदाहरणं दोघांची आहेत. एक बोलतो, एक ऐकतो. घरात एकटाच असलेला माणूस स्वतःशी मोठ्याने बोलतो, तेव्हा? तिथे ऐकणारा कोण? तिथे तो क्रियापद कशावरून निवडतो?"

मुलांनीसुद्धा मोबाइलमधून डोकी वर काढली.  इतक्या वर्षांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. पायाखालची जमीन सरकली, पण खरं सांगते, मला फार आनंद झाला. कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं.

"मला माहीत नाही, आगाय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि कल्पाक परत डोक्यावर घातला.

बाहेर आल्यावर कानिमकुलने माझा हात धरला. "मनाला लावून घेऊ नकोस ग. वय झालं की असं काहीतरी सुचतं माणसाला." मी म्हणाले की मला वाईट वाटलेलं नाही. तिने माझा हात आणखी घट्ट दाबला.

मग रिस्कुल आली, डोळे बारीक करून. "एजे, तुम्ही पक्क्या निघालात. मला म्हणता चिठ्ठी नाही, आणि दिलीत ती थेट आगायना?"

"मी कोणाला दिली नाही."

"बरं, नाही दिली. पण स्वतःलाच इतका अवघड प्रश्न कोण लिहून देतं? आणि दिलाच होता, तर उत्तर तरी पाठ करायचं."

तिला समजवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. संध्याकाळच्या मेजवानीत बेशबारमाक खाताना आमच्या टेबलावर दोन तट पडले. निम्म्यांना माझी कीव येत होती, निम्म्यांना माझा कावा आवडला होता. आयुष्यातल्या फार थोड्या चांगल्या दिवसांपैकी तो एक होता आणि तसं सांगायला त्या टेबलावर कोणी नव्हतं. इतकं एकटं मला रिकाम्या घरातही वाटलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. दुपारी आगायची गाडी आली तेव्हा मी धावत खाली गेले होते. नातू त्यांना आत बसवत होता.

"आगाय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधीन."

"शोध की. घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही."

"मग बरंच झालं," ते म्हणाले. "लांब जायला नको." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कामापुरतं बोलले आणि गाडी गेली.

नारीनला घरी पोचले तेव्हा दिवस मावळायचा होता. बूट काढले, चहा ठेवला आणि आठवायला बसले. मी एकटी राहते, तेव्हा असली उदाहरणं माझ्याकडे पोतंभर हवीत. एकही आठवेना. हळूहळू ध्यानात आलं की विसरलेलं काहीच नाही, मुळात नव्हतंच. कॉलेजात दिवसभर घसा फोडायचा आणि दार उघडून आत आले की तोंड बंद. मेदेरबेक गेल्यापासून या घरात मी एकही वाक्य मोठ्याने बोलले नव्हते. त्याच्या मातीच्या दिवशीही आलं नव्हतं इतकं रडू मला त्या वेळी आलं.

डोळे पुसले आणि कामाला लागले. काम म्हणजे बोलायचं. पहिली वाक्यं नाटकी झाली, वर्गातल्यासारखी. मी ती सोडून दिली आणि बटाटे सोलायला घेतले. सोलता सोलता कधी सुरू झाले कळलं नाही. कल्पाक काढून मांडीवर कसा ठेवला, कानिमकुलचा चेहरा कसा झाला, रिस्कुलची सासू, सगळं बोलत सुटले. कोणती क्रियापदं येतायत इकडे लक्षच राहिलं नाही. सांगत सांगत आगायच्या गाडीपर्यंत आले आणि दारावर थाप पडली.

शेजारची काल्बुबू आपा होती. हातात तळलेल्या बोरसोकांनी भरलेली ताटली.

"पाहुणे आलेत ना? भिंतीतून आवाज आला. म्हटलं तू आत्ताच आलीस प्रवासातून, घरात काही नसेल."

"कोणी नाही, आपा. मीच बोलत होते."

तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. स्वयंपाकघरात बटाट्यांची सालं आणि एक कप, एवढंच होतं. ती जराशी ओशाळली. "फार वर्षांनी आवाज आला ग तुझ्या घरातून," ती म्हणाली. "मी आपली भिंतीला टेकून ऐकतच बसले होते. मग तो म्हातारा गाडीत बसला, पुढे काय म्हणाला?"

म्हणजे ऐकणारं कोणीतरी होतं. माझी सगळी उदाहरणं बाद झाली, एकसुद्धा धरता येणार नव्हतं. मी ताटली घेतली, तिला आत बोलावलं आणि दुसरा कप शोधायला लागले.