मशीनमागची जागा

पुंडलिकाच्या मशीनमागं उभं राहा म्हणून सत्यभामाबाईला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपल्या मनानं उभी राहिली होती, आणि एकदा ती उभी राहिली म्हटल्यावर तिला तिथून हलवायची घरात कुणाची छाती नव्हती.

वाळूजची कंपनी बंद पडली, तेव्हा लेथवर वीस वर्षं काढलेला तिचा मुलगा पुंडलिक एका दिवसात मोकळा झाला. त्यानं पडेगावच्या घरापुढं, पोर्चमध्येच, लोखंडी टेबलात बसवलेली गोल करवत आणली. तो तिला टेबल सॉ म्हणायचा, बाकी सगळे नुसतं मशीन म्हणायचे. पहिल्याच दिवशी लांब फळी पात्यातून पुढं सरकली, मशीनचं टेबल संपलं, पुढं आधार कशाचा नाही, आणि फळीचं तोंड खाली झुकायला लागलं. सत्यभामाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. सूप बाजूला सारून ती उठली आणि तिनं दोन्ही तळव्यांवर फळी तोलून धरली. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती जागा तिची.

धरायचं, पण ओढायचं नाही, हा त्या जागेचा कायदा. ढकलणारा समोरून ढकलतो, मागच्यानं फक्त वजन घ्यायचं. ओढलं की फळी तिरकी होते, पात्यात अडकते आणि पातं ती ढकलणाऱ्याच्याच अंगावर फेकतं. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "या वयात कशाला गं ही दगदग?" तर ती म्हणायची, "ढकलायला काय, बैल बी ढकलतो. तोलून धरायला अक्कल लागती."

मागच्या मंगळवारी मात्र तिचा उजवा हात दगा देऊन गेला. आखाडापासून बोटं अधूनमधून झोपायची, मुंग्या यायच्या, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी फळी हातावर असतानाच बोटं मेली. फळी वाकडी झाली, मशीन गुरगुरलं, पुंडलिकानं झटकन बटण दाबलं.

"ओला प्लाय आणतो अन् मग मशीनला नावं ठेवतो," ती म्हणाली.

प्लाय खडखडीत कोरडा होता. दुसऱ्या दिवशी तो वही आणि पेन्सिल घेऊन मशीनमागं उकिडवा बसला.

"काय चाललंय?" तिनं विचारलं.

"मागं एक टेबल करतो, माय. फळी आपोआप त्याच्यावर सरकंल. करमाडच्या विहाराच्या अभ्यासिकेची सहा टेबलं करायची आहेत ना, आठ-आठ फुटांच्या फळ्या. घडीचं करतो. काम झालं की खाली पाडायचं. नाहीतर रतनची स्कूटी कुठं लावायची?"

रतन म्हणजे तिची सून, रत्नमाला. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरं होईल आत्या. तुम्हाला बी जरा आराम."

आराम! म्हाताऱ्या बैलाला खुंट्यावरून सोडताना बी लोक असंच गोड बोलतात. सत्यभामाबाई म्हणाली, "कर बाबा कर. लाकडाचे पाय आणले की हाडामांसाचे पाय घरात बसवता येतात."

पुंडलिकाचं काम बघण्यासारखं होतं, हे मात्र तिला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. जाड प्लायचा पाट त्यानं बिजागऱ्यांनी मशीनच्या मागच्या कडेला जोडला. पाटाच्या पलीकडच्या टोकाला दोन पाय, तेही बिजागरीवर. पाट उचलला की पाय खाली लोंबायचे, कडी लावली की घट्ट उभे राहायचे. कडी काढली, पाय दुमडले की सगळा पाट मशीनच्या पाठीला लागून खाली लोंबायचा, दाराचा पडदा पडावा तसा. पायांची लांबी काढायला त्यानं मशीनची उंची टेपनं मोजली. जमिनीपासून चौतीस इंच. मग पाटाची जाडी धरून दोन्ही पाय चौतीसला आखून कापले.

सत्यभामाबाई ओट्यावर बसून बघत होती, आणि टेप मशीनला लावला तेव्हाच तिच्या ध्यानात आलं.

पोर्चची फरशी उताराची होती. उतार तिनंच करून घेतला होता. पंचवीस वर्षं तिनं या शहरात बिगारी काम केलं, चार-चार मजले घमेली वाहिली, मिस्त्री लोकांचे सगळे चाळे बघितले. स्वतःचं घर बांधलं तेव्हा मिस्त्रीच्या उरावर उभी राहून तिनं फरशी मशीनपासून, म्हणजे आज जिथं मशीन आहे तिथपासून, गेटच्या नालीकडं उतरती टाकून घेतली. पाणी टाकलं की धावत नालीत गेलं पाहिजे. रोज सकाळी ती पोर्च धुवायची आणि रोज पाणी धावायचं. म्हणजे मशीनखालची जमीन वर आणि टेबलाच्या पायाखालची जमीन खाली. दोन्हीकडं चौतीस म्हणजे टेबल गेटाकडं कललंच म्हणून समजा.

तोंड उघडायला तिला एक क्षण पुरला असता. तिनं ते मिटून घेतलं. कापू दे. होऊ दे फजिती. फळी झुकली की टेबल पडेल कोपऱ्यात आणि पुन्हा हाक येईल, माय, ये गं धरायला.

रात्रभर तिला तसं बरंच वाटलं. म्हणजे बरं वाटतंय असं ती स्वतःला सांगत राहिली.

सकाळी पुंडलिकानं आधी दीड फुटाचा तुकडा घालून बघितला. तुकडा कापला गेला, सुळकन पाटावर गेला. "बघ माय!" तो लहानपणी पतंग उडाल्यावर हसायचा तसा हसला. सत्यभामाबाईनं मान वळवली. तुकडा आखूड होता, त्याला कल कळणार नव्हता. मग पुंडलिकानं आठ फुटांची फळी उचलली.

ती दाराशी उभी होती. वर मेन स्विचचा बोर्ड होता. मशीन सुरू झालं, पातं किंचाळायला लागलं, फळी पुढं सरकली. एक फूट. दोन फूट. ती मोजत होती. फळीचं तोंड पाटावर आलं आणि उताराच्या नादानं खाली जायला बघू लागलं. अर्ध्याच्या पुढं गेली की पुढचं वजन खाली ओढणार, मागचं शेपूट मशीनवरून उचलणार, आणि शेपूट उचललं की पातं लाकूड फेकणार. ते ज्याच्या अंगावर फेकणार तो तिचा पुंडलिक समोर छाती काढून उभा. अडीच फूट. तीन.

तिनं हात वर करून मेन खाली ओढला.

पातं कण्हत कण्हत थांबलं. "लाईट गेली का?" पुंडलिक म्हणाला.

"मी घालवली."

"आता गं माय! कामून? अर्ध्यात काम..."

"पातं थांबलंय का बघ. मग ती फळी बाहेर काढ अन् पात्याच्या बाजूनं नुसती पुढं सरकव. हातानं. सरकव म्हणते ना!"

त्यानं सरकवली. फळी निम्म्याच्या पुढं गेली, तोंड पाटावर खाली टेकलं आणि मागचं शेपूट मशीनपासून अलगद वर उठलं. खाली दोन बोटं जातील एवढी फट पडली. पुंडलिक त्या फटीकडं बघत राहिला. वीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला ती फट काय म्हणते ते समजावून सांगावं लागत नाही.

"पण मी मोजलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "मशीन चौतीस, पाय चौतीस."

"टेपाला काय ठाऊक, फरशी कुणीकडं चालली ते. रोज पाणी मी टाकते, तू नाय."

"तुला कधी दिसलं?"

इथं खोटं बोलायला जागा होती. आत्ताच दिसलं म्हटलं असतं तर कुणी हरकत घेणार नव्हतं. पण सत्यभामाबाईनं आयुष्यात लोकांना तोंडावर इतकं सुनावलं होतं, की स्वतःला सोडून द्यायची तिला लाज वाटली.

"काल," ती म्हणाली. "तू टेप लावला तवाच."

पुंडलिकानं फळी खाली ठेवली. "काल दिसलं, अन् बोलली नाहीस?"

"नाय बोलले."

"माय, माझ्या छातीत बसली असती ही."

"म्हणून तर बंद केलं." तिचा आवाज मधेच बसला, मग तिनं तो पुन्हा उभा केला. "मला वाटलं, टेबल फसलं की मला बोलावशील. एवढंच वाटलं. पुढचं डोक्यातच आलं नाय रे. फळी आत गेली तवा आलं."

रत्नमाला कणकेच्या हातानं दारात आली होती. कुणी तिच्याकडं बघितलं नाही.

"बोटं झोपतात," सत्यभामाबाई म्हणाली. "आखाडापासनं."

"ठाऊक आहे. मंगळवारी तू हात पदराखाली घेतलास ना, तेव्हाच कळलं."

"मग तुझं तोंड कुणी शिवलं व्हतं?"

"तुला काय म्हणू? माय, तुला आता जमत नाही, असं म्हणू? तू ऐकलं असतंस?"

ऐकलं नसतं. तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. घरात तिनं एवढी जीभ चालवली होती, की तिच्यापुढं खरं बोलायचं तर लाकडाचं टेबल करून दाखवावं लागत होतं. हा विचार तिला आवडला नाही, पण तो उठून जाईना.

"माळ्यावरून ती लांब पारदर्शक नळी काढ," ती म्हणाली. "मिस्त्री लोकांची. अन् रतन, तांब्याभर पाणी आण."

नळीत पाणी भरलं, बुडबुडे झटकून काढले. नळीचं एक टोक पुंडलिकानं मशीनच्या कडेला धरलं, दुसरं सत्यभामाबाईनं पाटाच्या टोकाला. पाणी दोन्हीकडं एका उंचीला थांबतं, त्याला फरशीचं देणंघेणं नसतं. मशीनकडं पाणी कडेला टेकलं, पाटाच्या टोकाला मात्र ते पाटापेक्षा सव्वा इंच वर उभं राहिलं. पुंडलिकानं पायांखाली जाड बोल्ट बसवले, फिरवले की पाय लांब होणारे. पाट हळूहळू वर आला.

"बास," ती म्हणाली. "आता सूतभर खाली घे."

"कामून? पाणी तर बरोबर आहे."

"तीन वर्षं मी हात मशीनच्या बरोबरीत नाय धरला, जरासा खाली धरला. बरोबर धरला की फळीचं तोंड बोटांवर आपटायचं. तुला कधी सांगितलं नाय. विचारलंस बी नाय."

त्यानं मशीनकडची बाजू बिजागरीपाशी सैल करून खाली घेतली, मग बोल्टही तेवढेच उतरवले. पुन्हा फळी चढवली, मेन वर केला. पातं किंचाळलं. फळी मशीनवरून पाटावर गेली, निम्म्याच्या पुढं गेली, शेवटपर्यंत गेली, आणि शेपूट मशीनला चिकटून राहिलं. मागं कुणी नव्हतं.

सत्यभामाबाईच्या ध्यानात आलं, की आपले हात पुढं आलेत. तळवे वर, कोपरं अंगाला, नेमके त्या उंचीला. पुंडलिकानंही बघितलं. तो हसला नाही, हे त्यानं बरं केलं. तिनं हात खाली घेतले आणि क्षणभर ते कुठं ठेवावेत तेच तिला सुचेना.

"दुसरी घे," ती म्हणाली. "मी बघते इथं उभी राहून."

"आता बघायला तरी कशाला लागतंय, माय? बस की."

"मघाशी नव्हतं लागलं?"

पुंडलिकानं दुसरी फळी उचलली, मशीनवर ठेवली आणि बटणाकडं हात नेण्याआधी वर मान करून तिच्याकडं बघितलं.

सत्यभामाबाईनं आधी पायाच्या कड्या बघितल्या, मग फळीचं शेपूट बघितलं, आणि मान हलवली.