पिंपातलं बीज

भिमाजीच्या मते माशाच्या पिल्लाला आभाळाच्या पाण्यासारखं औषध नाही. वीस वर्षं तो मच्छीमार सोसायटीचं बीज, म्हणजे रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं, तळ्यात सोडण्याआधी एक रात्र निळ्या पिंपात ठेवायचा. पिंपात पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी. सकाळी चार-दोन उलटी पडलेली दिसायची. "कमजोर व्हती ती गेली," म्हणायचा आणि बाकीची तळ्यावर न्यायचा.

दोन वर्षं मात्र तळ्यातून काहीच निघेना. पाणी कधी नव्हे इतकं निवळशंख, तळचा दगड दिसेल असं. पवनानगरचे, पाहुण्यांना तंबूत उतरवणारे, येऊन पाण्याचे फोटो काढत. मग मासा जातो कुठं? भिमाजीने उत्तर काढलं, दत्तोबा. त्याचं शेत तळ्याला लागून, घरात जाळं, त्यात जुना दोस्त. चोरी करायला दोस्ताइतकी सोय कोणाला असते! भर बैठकीत त्याला चोर म्हणून मोकळा झाला. बोलणं बंद झालं आणि त्याच्या विहिरीचं पाणीही भिमाजीच्या घरात बंद झालं. यंदाही जाळं रिकामं आलं तर सोसायटीचा तळ्याचा ठेका सुटणार होता आणि तळ्यावर पाहुण्यांच्या बोटी फिरणार होत्या.

ऑगस्टात पावसाने पंधरा दिवस दडी मारली. बीज आलं त्याच दुपारी तो कोसळला. भिमाजी खूश झाला, पिंप काठोकाठ भरलं आणि बीज त्यात सोडलं.

त्याची मुलगी चैताली तुंगार्लीच्या बंगल्यांवर पोहण्याचे तलाव सांभाळते. पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या तिच्या पर्समध्येच असतात. संध्याकाळी तिने एक पिंपात बुडवली. पट्टी पिवळी झाली.

"आबा, इतकी पिवळी आली तर आमी पाहुण्यांना पाण्यात उतरू देत न्हाई. पंधरा दिस पाऊस न्हाई, ढगात कारखान्यांचा धूर मुरला, तोच खाली आला. आंबट पानी हाय हे."

"ती मानसांच्या पान्याची पट्टी. माशाला काय कळतंय त्यातलं?"

तो पहाटेपासून बीजाच्या पिशव्या वाहत होता, वाद घालायचंही त्राण नव्हतं. जेवून आडवा झाला. चैतालीने ओंजळभर पिल्लं बादलीत काढून चुलीमागे ठेवली.

सकाळी पिंपावर पांढरी पोटं तरंगत होती. भिमाजीने हात घातला, एकही हललं नाही. बादलीत मात्र पन्नासेक पिल्लं वळवळत होती.

"हे कसलं पानी?"

"दत्तोबाकाकांच्या विहिरीचं. विचारून आनलं."

"आन तळं?"

तिने खिशातून दुसरी पट्टी काढली. तीही पिवळी. "आताच बुडवून आले. तिथं काय जगत न्हाई, म्हनून तर पानी इतकं निवळ."

भिमाजी उंबऱ्यावर बसला. वीस वर्षं लाडाने आपण पिल्लांना काय पाजलं ते त्याला कळलं. चोर कोणाला म्हटलं तेही कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मग तो बादली उचलून दत्तोबाच्या विहिरीकडे निघाला.

त्या विहिरीच्या काठाला जातीपायी भिमाजीच्या आजोबाला उभं राहू देत नसत. भिमाजीला पोरवयात दत्तोबानेच हाताला धरून पोहायला उतरवलं होतं. ते पाणी पुन्हा बंद केलं ते भिमाजीने, आपल्या तोंडाने.

दत्तोबा मोटार चालू करत होता. बादली पाहून थांबला.

"किती जगली?"

"पन्नासेक. बाकीची म्याच मारली."

"आन चोर?"

"तू न्हवतास." भिमाजीची मान वर होईना. "दत्तोबा, तळ्यात जागा न्हाई यांना. तुझ्या विहिरीत ऱ्हातील का?"

दत्तोबाने बादलीत वाकून पाहिलं. मग बादली घेऊन पायऱ्या उतरला आणि हळूहळू पाण्यात तिरकी केली. वर आला तोवर पुन्हा थेंब पडू लागले होते.

"गोठ्यात ताडपत्री हाय," तो म्हणाला. "हिरीचं तोंड झाकाया पायजे. धर एक टोक."

भिमाजीने टोक धरलं. पाऊस वाढला. त्याचे हात भरून आले, तरी ताडपत्रीवर साठलेलं पाणी तो पुन्हा पुन्हा बाहेर लोटत राहिला, एक थेंबही आत जाऊ नये म्हणून.