कासुर्डीच्या चुलाणातली टंगस्टनची चकती

मी एक जुनी टंगस्टनची चकती आहे. माझ्या उजेडामुळे कासुर्डीच्या गुऱ्हाळावर सोपानराव गुळव्यांची जागा वाचली. म्हणजे, वाचली वगैरे काही नाही. असं काही झालंच नाही. मागचं वाक्य तुमच्या नजरेला पडलंच नाही असं समजा.

मित्रांनो, माझा जन्म पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत झाला. आकार बिस्किटाएवढा. माझ्या अंगावर इतकी बारीक भोकं आहेत की बघणाऱ्याला मी गुळगुळीतच दिसते. इतर धातू तापले की उष्णता उधळत सुटतात. माझी भोकं ती अडवून धरतात आणि समोरच्या सौरपेशीला पचेल तेवढाच उजेड बाहेर सोडतात. पेशी त्याची वीज करते. थोडक्यात, आगीत उभं राहून निवडानिवड करणं हे माझं काम. दमायला होतं.

प्रयोगशाळेतली सीमा मूळची यवतची. दोन हजार सहा साली ती मला कासुर्डीला तुळजामामींच्या गुऱ्हाळावर घेऊन आली. तिथे रोज संध्याकाळी लोडशेडिंग, आणि नेमका तेव्हाच दिवसाचा शेवटचा रस काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, पिकायला यायचा. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, रसाचा रंग बघून काहील उतरवतो. कंदिलाच्या उजेडात कच्चा रससुद्धा पिकल्यासारखा दिसतो. सोपानरावांची अशी दोन आधणं, म्हणजे दोन काहिली भरून रस, बिघडली होती.

"अजून एक आधण गेलं तर कोल्हापूरचा गुळव्या आणीन," मामी म्हणाल्या. "तुमची आमची वळख जुनी हाय, पण गिऱ्हाईक वळख खात न्हाई."

"आणा की! त्याला अंधारात दिसतंय का, तेवढं इचारा आधी," सोपानराव म्हणाले. पण हळू.

सीमाने मला काचेच्या हवाबंद डबीत घालून चुलाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, भिंतीत बसवलं, बाहेर पेशी आणि पांढरा दिवा जोडला. "आप्पा, हिला हात लावू नका," ती सोपानरावांना म्हणाली. हवा आत शिरली तर मी संपते, हे सांगणार तेवढ्यात तिची एसटी आली.

त्या संध्याकाळी वीज गेली आणि काहिलीवर दिवा लागला. सोपानरावांनी रस निरखला आणि ओरडले, "उतरा!" मामींनी थिजलेल्या ढेपेला टिचकी मारली आणि ती विकायच्या ढिगात ठेवली. मामींचं कौतुक तेवढंच असतं. मग माणसं बघायला येऊ लागली. एकाने माझ्यावर मोबाईल चार्ज होईल का विचारलं. एका बाईने मला सुनेची तक्रार सांगितली. आधण मात्र एकही बिघडलं नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कामाच्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागतं. चुलाण थंड होतं. उसाच्या चरकाला लागलं, वजनकाट्याला लागलं, बंद पडलेल्या मोटारसायकलीलाही लागलं.

"हिला काचेवरनंच लावा," मामी म्हणाल्या.

"व्वा! हिनं माझी जागा राखली, आन् हिला दारातनंच कुंकू?" सोपानरावांनी पान्याने डबी उघडली, मला दोन बोटांनी हळदकुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले आणि स्क्रू होते तसे आवळले. डबी बंद झाली, हवाबंद झाली नाही. इतक्या मायेने मला दुसऱ्या कुणी संपवलं नसतं.

दसऱ्यानंतर चुलाण पेटलं. टंगस्टन हवेत तापलं की अंगावर पिवळी पूड चढते. मी अंगभर पिवळी झाले. "हळद मानवली हिला!" मामी म्हणाल्या. लोकांनी नारळ फोडले. माझी भोकं बुजली, दिवा मिणमिणला, विझला. सोपानरावांनी कंदील वर धरला, अजून कच्चा असेल म्हणून थोडं थांबले, आणि आधण करपलं.

सीमा धावत आली. "आप्पा, हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"हात कुठं लावला बाई? कुंकू लावलं."

 सीमाकडे दुसरी चकती नव्हती.

कोल्हापूरचा गुळव्या आला. सोपानराव आता त्याच गुऱ्हाळावर पिळलेल्या उसाची चिपाडं वाळत घालतात. दुपारच्या उन्हात लांबूनही त्यांना रंग कळतो. ते स्वतःशीच "उतरा" म्हणतात, आणि काहील थोड्या वेळाने, नव्या गुळव्याच्या हुकमाने उतरते.

मित्रांनो, वस्तूंवर माया जरूर करा, पण आधी त्यांना काय सोसतं ते विचारा. बाकी माझा अर्ज असा: सोपानरावांना काहिलीवर परत घेणे आवश्यक असल्याने, मौजे कासुर्डी, तालुका दौंड येथील सूर्यास्त दररोज शेवटचे आधण उतरेपर्यंत तहकूब ठेवण्यात यावा, व तसे संबंधितांस तात्काळ कळवावे, ही नम्र विनंती.