ऑल्डरकोटच्या टेबलावरची ठवणी

मी एक जुनी ठवणी आहे, मित्रांनो. पोथीची नव्हे, वर्तमानपत्राची. लॉर्ड ऑल्डरकोट यांना न्याहारी करताना दोन्ही हात मोकळे हवे असत, म्हणून गावच्या सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले. रोज सकाळी नोकर माझ्यावर पेपर लावून ठेवी आणि लॉर्डसाहेब अंडे खाता खाता तो मोठ्याने वाचीत, कारण लेडीसाहेबांची नजर गेली होती. पाहुणे माझे कौतुक करीत. तेव्हा बरे वाटे, आता कशानेच काही वाटत नाही.

पेपर टोरी पक्षाचा. लिबरलांचा पेपर आमच्याकडे कोणी चिमटीतसुद्धा धरत नसे. आणि एकुलता एक मुलगा, लायनेल, पार्लमेंटात नेमका लिबरलांच्या बाकावर जाऊन बसला. लॉर्डसाहेबांनी त्याच्याशी बोलणे टाकले. तेवढ्याने त्यांचे समाधान होईना. पेपरचा संपादक त्यांच्या उठबशीतला. त्याला सांगून त्यांनी मुलाचे नाव छापणेच बंद करवले.

लेडीसाहेब रोज विचारीत, "लायनेलचं काही आलंय?"

"काही नाही," लॉर्डसाहेब म्हणत. ते खोटे नव्हते.

एकदा न्याहारी चालू असतानाच शेजारच्या लेडी पेनरोझ आल्या. त्यांचे घराणे लिबरल, कित्येक वर्षांत त्या आमच्याकडे फिरकल्या नव्हत्या. त्यांनी लेडीसाहेबांचा हात धरला.

"पक्षबिक्ष राहू दे बाजूला. माझ्या अंगाखांद्यावर खेळलेलं पोर ते. नेपल्सची हवाच मेली वाईट."

"लायनेलला काय झालंय?" लेडीसाहेबांनी विचारले.

लेडी पेनरोझ यांना मग सगळे सांगावेच लागले. लायनेल तापाने गेल्याची तार त्यांच्या पेपरात कधीच छापून आली होती. नेपल्सहून निघालेले पत्र मात्र अजून वाटेत होते. आमच्या संपादकाने शब्द पाळला होता.

दुसऱ्या दिवशी नवा पेपर माझ्यावर आला.

"आज त्याचं नाव वाचा," लेडीसाहेब म्हणाल्या.

लॉर्डसाहेबांनी सगळी पाने चाळली. नाव नव्हते. मग त्यांनी घसा साफ केला.

"लायनेल गेला," ते वाचू लागले. "सभागृहात तो फार चांगलं बोलायचा. त्याचे वडील ऐकायला जायचे."

त्या जागी लोकरीचे भाव छापलेले होते. लेडीसाहेब म्हणाल्या, "पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचले.

आता मी माळ्यावर पडून आहे. मला पुसा, असे मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, ज्याच्याशी अबोला धरलात, त्याची खुशाली तेवढी विचारत जा.